कोऱ्या चहाचा रंग

त्या गुरुवारी टँकर वेळेवर आला असता, तर मला काही कळलंच नसतं.

शहराच्या टोकाला, मांजरी गावात आमची सोसायटी उभी राहून बरीच वर्षं झाली, पण खिडकीतून अजून ऊस दिसतो आणि नळाचं पाणी अजून ‘येणार आहे’. तोवर टँकर. त्याला उशीर झाला की घरात माझा कायदा लागू होतो: लघवीला गेलात तर एकच मग ओतायचा, बादलीला हात लावायचा नाही. माझी मुलगी सकाळी संडासात जाऊन आली. तिनं कायदा पाळला होता. तिच्या मागोमाग मी आत गेले, तर एका मगानं न गेलेला रंग भांड्यात तसाच होता. पिवळा नव्हता, धड लालही नव्हता. कोऱ्या चहाचा असतो तसा होता.

मी तिथूनच ओरडून विचारलं, हे काय आहे. मी आधी ओरडते आणि मग विचार करते, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

“पाळी आलीय,” ती खोलीतून म्हणाली.

पाळी मागच्याच आठवड्यात येऊन गेली होती. पोटाला शेकायची पिशवी मीच तिला भरून दिली होती. ती खोटं बोलतेय हे कळल्यावर एरवी माझं डोकं फिरलं असतं. त्या दिवशी मी पुन्हा वळून भांड्यात पाहिलं.

ती कबड्डी खेळते. चढाई करते, आणि चांगली करते. हे मी आई म्हणून सांगत नाही, कारण आई म्हणून मला ते कधीच फारसं आवडलं नाही. शनिवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. मधे घोटा दुखावल्यामुळे ती कित्येक आठवडे घरी बसली होती. त्या काळात मी उठता बसता म्हणायची, आता पुरे, अभ्यासाला लाग. ती ऐकून घ्यायची आणि पाय शेकत राहायची. घोटा बरा झाल्या झाल्या मैदानावर गेली. तिच्या कोच मॅडमनी सांगितलं होतं, हळूहळू वाढव. पण मंगळवारी भर उन्हात मुलींची आपसात पैज लागली, बैठका मारताना आधी कोण थांबतं. ही थांबली नाही.

बुधवारी तिला जिना उतरता येईना. कठडा धरून एकेक पायरी बसत बसत ती खाली आली आणि वर हसली. “दुखतंय म्हणजे मसल बनतोय, आई.” मग आपला तो प्रोटीन पावडरचा डबा काढला. एरवी एक चमचा घालायची, त्या दिवशी दोन घातले, आणि संध्याकाळी पुन्हा दोन. रिकव्हरी लवकर व्हायला हवी, शनिवार जवळ आलाय, असं तिचं गणित. स्नायूंना सुट्टी द्यायच्या ऐवजी जास्त प्यायलं की ते लवकर भरून येतात, हे तिला कुणा सीनियर मुलीनं सांगितलं होतं. सीनियर मुलींचा शब्द आमच्या घरी डॉक्टरांच्या वर चालतो.

त्या डब्यावरून माझी आणि तिची भांडणं नवी नव्हती. सासूबाई त्याला ‘पीठ’ म्हणतात. मी त्याला काय काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

तर गुरुवारी मी तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, कपडे कर, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, शनिवारनंतर. मी म्हटलं, आत्ता. ती म्हणाली, “अगं, डीहायड्रेशन आहे थोडंसं. पाणी पिते ना.” बोलताना ती पलंगावर बसून होती आणि मांड्या हातांनी उचलून सरळ करत होती. पायजम्यातूनही दिसावं इतक्या त्या सुजल्या होत्या.

मी नवऱ्याला फोन लावला. तो कामावर होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “दोन दिवसांचाच प्रश्न आहे. तिची एवढ्या दिवसांची मेहनत आहे गं.” मला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की क्षणभर मलाही वाटलं, असेलही डीहायड्रेशन.

सासूबाई बाहेर लसूण सोलत सगळं ऐकत होत्या. आमची म्हातारी उगाच मधे बोलत नाही. त्या म्हणाल्या, “म्हस लाल मुतली तर तुझा सासरा हातातलं काम टाकून डॉक्टरला आणायचा. आन् पोरीला शनवारपतूर ठेवताय व्हय?”

मी रिक्षा बोलावली. स्कूटरवर पाय टाकणं मुलीला जमणारच नव्हतं. निघताना मी तो डबाही पिशवीत घातला. पुरावा म्हणून.

डॉक्टर तरुण होत्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. लघवी तपासली, रक्त घेतलं, मांड्या दाबून पाहिल्या. दाबल्यावर माझी मुलगी ओठ चावून भिंतीकडे बघत राहिली. “गोळ्या काय घेतल्या?” डॉक्टरांनी विचारलं. दुखणं थांबायच्या गोळ्या घेतल्या होत्या, किती ते तिला नीट आठवेना. तेही मला तिथंच कळलं.

मी डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो फिरवून पाहिला आणि बाजूला सारला.

“हे पावडरनं झालेलं नाही.”

खरं सांगायचं तर मी खट्टू झाले. इतकी वर्षं ज्याच्यावर डूख धरला होता, तो सुटला. डॉक्टर मुलीकडे बघूनच बोलत होत्या. “तुमचे स्नायू फाटलेत. थोडे फाटतात ते ठीक, त्यातूनच ते वाढतात. तुमचे फार फाटलेत, आणि त्यातला रंग रक्तातून लघवीत उतरलाय. तो गाळताना किडनीचा जीव जातोय. वरून त्या गोळ्या. पावडर म्हणजे नुसतं विटा-सिमेंट हो. गवंड्याला कामाला वेळच दिला नाही, तर सिमेंट दुप्पट आणून काय होणार?”

“शनिवारी माझी ट्रायल आहे,” ती म्हणाली.

“शनिवारी तुमची किडनी चालत असली, तर आपण सगळे आनंद मानू.”

तिला लगेच दाखल केलं. सलाइन धो धो सोडलं. प्रत्येक वेळी लघवी मापाच्या भांड्यात धरायची, नर्सला दाखवायची, मग ओतायची. मी त्या भांड्याकडे जसं पाहिलं तसं आयुष्यात कशाकडे पाहिलं नाही. रंग तोच. मला वाटायचं थोडा फिका झालाय, नर्स म्हणायची, तसाच आहे.

शुक्रवारी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा उतरायच्या ऐवजी चढला होता. डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, संध्याकाळी पुन्हा पाहू. अजून चढलं तर डायलिसिसचा विचार करावा लागेल. मी मान डोलावली. डायलिसिस हा शब्द मी तोवर फक्त दुसऱ्यांच्या घरांबद्दल ऐकला होता. आत गेले तर मुलगी नर्सला विचारत होती, उद्या सकाळी दोन तासांसाठी सोडता येईल का. मी तिला झापलं. वॉर्डातल्या बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या तरी मी थांबले नाही. ती चादरीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

तो दिवस सरता सरेना. नवरा आला, खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. संध्याकाळचा रिपोर्ट येईपर्यंत त्याचं तेच चाललं होतं. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. आठवलं तर फेडावं लागेल. रिपोर्ट आला. आकडा चढला नव्हता. होता तिथंच थांबला होता. डॉक्टर म्हणाल्या, चांगलं आहे, पण अजून मोकळा श्वास घेऊ नका.

शनिवारी सकाळी ती भिंतीला धरून बाथरूमपर्यंत गेली. भांडं घेऊन मी खिडकीपाशी आले आणि उजेडात धरलं. पिवळं होतं. स्वच्छ, साधं पिवळं. मी नर्सला हाक मारली, तिनं पाहिलं आणि पहिल्यांदाच हसून मान हलवली. मी तिथंच रडले. नवऱ्याला फोन केला, सासूबाईंना केला. माझा आवाज किती मोठा झाला होता ते मला कळलंच नाही.

पलंगापाशी परत आले तेव्हा मुलगी उशीला टेकून बसली होती. मैदानात तेव्हा चाचणी सुरू झाली असणार. तिचा फोन मांडीवर उपडा होता. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“तुला बरं वाटतंय ना?” तिनं विचारलं.

“म्हणजे काय. रंग बघ ना किती छान आलाय.”

“ते नाही. मी आज तिथं नाहीये, त्याचं.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तिला आता रोज मैदानावर सोडायला जायचं नाही, तिच्या गुडघ्यांकडे, घोट्याकडे बघत बसायचं नाही, शिबिराला पाठवायचं नाही, हे सगळं त्या सकाळी खिडकीपाशी माझ्या मनात येऊन गेलं होतं. रडता रडता आलं होतं. मी तोंड मिटलं आणि तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

“म्हणून तर मी पाळी आलीय म्हटलं, आई.”