थुंकी लावलेला अंगठा

चौथीत आमचे गुरुजी फळ्यावर पाच गणितं लिहीत आणि सोडवून झाली की शेजाऱ्याशी पाट्या बदलायला लावत. तपासायची आपणच, गुण ओरडून सांगायचे आपणच. गुरुजी तोवर पान लावत. या पद्धतीत एक भोक होतं आणि ते मला पहिल्याच आठवड्यात सापडलं.

माझा शेजारी माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. त्याची पाचही बरोबर यायची, माझी तीन. मग त्याची पाटी हातात आली की मी अंगठ्याला थुंकी लावून तीन उत्तरांतला एकेक आकडा पुसायचो आणि "दोन" असं ओरडायचो. तो बिचारा रानातून माझ्यासाठी टेंभरं, म्हणजे तेंदूची पिकली फळं, आणायचा. संशय घेणार कसा?

हा उद्योग दिवाळीपर्यंत चालला. नंतर अंगठ्याची गरजच राहिली नाही. तो बरोबर लिहिलेलं उत्तर स्वतःच खोडायचा आणि माझ्या पाटीत चोरून पाहून माझं चुकीचं उतरवायचा. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली, धानाची शेती केली. मी मास्तर झालो. हसू नका, गणिताचाच.

यंदा त्याची नात दहावी झाली. फवारणीचा बिघडलेला पंप खोलून चालू करणारी पोरगी, पण गणितात जेमतेम गुण. संध्याकाळी आंधळगावला जाऊन अकरावीचा फॉर्म भरायचा होता. मी त्यांच्या ओसरीत चहा पीत होतो. विज्ञान का घेत नाहीस, असं विचारलं, तर ती आरामात म्हणाली, "आमच्या घरात गनित कोनालेच येत नाही. आबाजीलेच इचारा." आणि तिचे आबाजी, म्हणजे माझा मित्र, मान डोलावत होते.

मग मात्र मी कप खाली ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. पान, पाटी, थुंकी, सगळं.

सुपारी कातरता कातरता मित्रानं विचारलं,

"किती दिवस पुसलं बे तू?"

"दिवाळीपर्यंत."

"मंग दिवाळीनंतर?"

"त्यानंतर तूच चुकवत होतास."

त्यानं अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता फेकून मारतो. पण तो नातीकडं वळला. तिचा चेहरा पडला होता. घराण्याच्या नावावर टाकलेलं ओझं असं अचानक परत येईल, हे तिला अपेक्षित नव्हतं.

"मंग आबाजी, मले काहून जमत नाही?"

"तू पुस्तक उघडून पायत नाही म्हणून," तो म्हणाला. "तुह्या पाटीले कोनी थुंकी नाही लावली. लिही विज्ञान."

संध्याकाळी तिनं विज्ञानाचाच फॉर्म भरला. मित्र माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो. पोरगी मात्र मी दिसलो की तोंड फिरवते.