सुकेळ्यांच्या वेषातली जहाजं

आता तुम्ही चहा ओतलाच आहे, तर सांगून टाकतो. पण हसायचं ते शेवटी! आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका छापल्या. ही माझी आहे, आणि ती आजवर कुठेच छापलेली नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. सगळ्यांच्याच लेखण्या मोकळ्या सुटल्या होत्या, माझी जरा जास्तच. वसईच्या एका साप्ताहिकात मी टपालवाल्यांच्या हात धुऊन मागे लागलो होतो. पार्सलं फेकतात! तुडवतात! मधल्यामधे गिळतात! पुरावा? अहो, संताप हाच पुरावा, असं वय होतं ते.

अशात एका सकाळी बास्त्याव मामा आमच्या गास गावातल्या घरी आला. हा माझ्या बायकोचा, कार्मेलीनचा मामा. पाचूबंदरचा. उमेदीत बोटीवर खलाशी होता. त्याने बिस्किटांचा डबा उघडला आणि मी बघतच राहिलो.

आत जहाजं होती! पूर्वी सिगारेटच्या पाकिटात चित्रांची कार्डं निघत ना, ती. बोटभर लांबीची, सोनेरी कडेची. समुद्राचा निळा रंग तर असा, की आमचा अर्नाळ्याचा समुद्र लाजावा. बंदरोबंदरी लोकांनी फेकलेली पाकिटं उचलून मामाने हा संच जमवला होता. एकच कार्ड नव्हतं. नेमकं त्याच्या पहिल्या जहाजाचं.

"नागपूरला एक वकील हाय," मामा म्हणाला. "त्याच्याकडं माझ्या बोटीची दोन कार्डं हायेत. माझा संच एकदा बघायला पाठव म्हनतो. बघंल, परत करंल, वर ती बोट देईल." मग जरा थांबून म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय रे, जावयबापू. दिसतंय तोवर तिला बघायची हाय."

"लाकडी पेटी करून पाठवू," कार्मेलीन म्हणाली.

"पेटी? म्हणजे 'या, चोरांनो!' अशी पाटीच की! पेटी नको, खर्च नको. मी बांधतो!"

आणि खरं सांगतो, बांधलं मात्र झकास. बेकरीतून लोण्याचा कागद आणला. थोडी थोडी कार्डं त्यात गुंडाळली. चपलांच्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापले, कार्डांपेक्षा मोठे, म्हणजे दोरी कडांना चावणार नाही. भोवती केळीची सुकी पानं ठासली. आणि आता माझी अक्कल बघा! सगळ्यावरून हुबेहूब सुकेळ्यांसारखं वेष्टण केलं. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे राजेळी केळी उन्हात सुकवून पानांत बांधतात, वरून सोपटाची, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीची, दोरी. अगदी तस्सं!

"अहो, हे सुकेळ्यांचं पुडकं वाटतंय."

"वाटायलाच हवं! वसईच्या चोराला सुकेळ्यांचं काय कौतुक? हात लावणार नाही."

"वसईचा नाही लावणार. नागपूरचा?"

मोठ्या माणसांना अशा शंकांची उत्तरं द्यायला वेळ नसतो.

त्याच दिवशी संपादकांनाही घरची सुकेळी द्यायची होती. माझे लेख छापून छापून बिचारे थकले होते! ते पुडकं मी टेबलावर आणून ठेवलं, जहाजांच्या शेजारीच. मग मांजरपाटाचं कापड घेऊन पार्सल शिवायला बसलो. हाताने टाके, आणि डोक्यात टपालवाल्यांवरचा पुढचा लेख.

टपाल कचेरीत पोस्टमास्तरांनी पार्सल काट्यावर ठेवलं. "कार्डं म्हणता ना? बरंच जड आहे हो."

"इतिहास आहे तो, मास्तर! इतिहास जडच असतो!"

त्यांनी लाखेचं सील मारलं. दुसरं पुडकं मी संपादकांच्या टेबलावर ठेवलं आणि छाती काढून घरी आलो.

काही दिवसांनी नागपूरहून वकीलसाहेबांचं पोस्टकार्ड आलं. "केळी अप्रतिम. मुलांनी एका बैठकीत संपवली. जहाजं कधी पाठवता?"

माझं डोकं सणकलं! चोरी! दिवसाढवळ्या! कार्डं काढून आत केळी भरली! तुम्ही म्हणाल, केळी कुणाची, हे मनात आलं नाही? संतापाला कसलं मन असतं हो!

बाजारातून जाता जाता मी ओरडत गेलो. टपाल कचेरी येईपर्यंत मागे चाळीसेक माणसं! निम्म्यांना कारण ठाऊक नव्हतं, पण घोषणा सगळे देत होते.

"सील शाबूत पोचलं ना?" मास्तरांनी विचारलं.

"सीलाचं सांगू नका! एका म्हाताऱ्याचे डोळे चोरलेत तुम्ही!"

वाक्य मलाच इतकं आवडलं, की तिथल्याच बाकावर बसून लेख लिहिला. मथळा 'टपालातला दरोडा'. तसाच संपादकांकडे धावलो.

संपादकांनी लेख वाचला आणि खण उघडला. "छापू या. पण आधी हे तुझं पुडकं घेऊन जा. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय."

संतापाने मला भूक लागते. म्हटलं, एक केळं तरी खाऊ. दोरी सोडली. पान उलगडलं. आणखी पान. मग पुठ्ठा. मग लोण्याचा कागद...

टेबलावर जहाजं तरंगायला लागली!

एकाही कोपऱ्याला सुरकुती नाही. संपादकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आतून छपाईचे खिळे जुळवणारा कंपोझिटर आला आणि शाईने काळे झालेले हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मग संपादकांनी माझा लेख अलगद उचलला, चार तुकडे केले आणि हळूच विचारलं, "दरोडेखोराचं नाव छापायचं का?"

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून टपाल कचेरीत. मास्तरांनी पार्सल काट्यावर ठेवलं, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आज इतिहास हलका भरला," एवढंच म्हणाले.

यथावकाश संच परत आला, आणि वकिलांनी तो माझ्याच पानांत बांधला होता. वर चिठ्ठी: 'खाऊ नये.'

मामाने वकिलांनी सोबत पाठवलेलं नवं कार्ड उचललं. पांढरं जहाज, दोन धुरांडी. डोळ्यांपासून वीतभर धरलं, मग आणखी जवळ. "हीच," तो म्हणाला. "इथं, या कठड्यापाशी उभा ऱ्हायचो मी." कार्मेलीनने पदर डोळ्यांना लावला. मीही तोंड फिरवलं.

मग मामाने कार्ड जपून डब्यात ठेवलं आणि माझ्याकडे वळला.

"जावयबापू, बांधतोस झकास हां. फक्त एक सांग. बातम्या पन तू अशाच, आत काय हाय ते न बघता पाठवतोस काय रे?"