जाऊबाईंच्या दातांचा फोटो

फोटो काढताना ऊन आपल्या पाठीशी घ्यावं, माणूस मधोमध ठेवू नये, मागे पसारा नसावा. हे सगळं मी मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शिकले. शिकवणारे खोटं सांगतात असं माझं म्हणणं नाही. पण त्यांनी माझी थोरली जाऊ पाहिलेली नाही, एवढं नक्की.

तिचे समोरचे दात हलायला लागले होते. दुसऱ्या दिवशी पवनीला जाऊन ते काढून घ्यायचे होते. आदल्या दुपारी बाई आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक अंगणात हजर!

"माह्या सोताच्या दातानं हासतानाचा एक फोटो काढून दे वो. पुन्यातल्या पोरीले धाडतो. मंग त कवळीच हासन."

आता हसायचं तर हसावं की नाही? पण आमच्याकडे फोटो म्हटला की बाई आधी नवं लुगडं नेसते, डोक्यावर पदर घेते आणि ओठ मिटून घेते. मी ऊन पाठीशी घेतलं, तर उन्हाच्या तिरिपीने तिचे डोळेच मिटले. मागे धानाच्या पोत्यांचा पसारा होता, म्हणून तिला चुन्याच्या भिंतीपाशी नेलं. तिथे ती आधार कार्डावरच्यासारखी दिसायला लागली. मग मधोमध नको म्हणून मी तिला एका कडेला सरकवलं.

बाईने शेजारची मोकळी जागा पाहिली. एवढी जागा ठेवली म्हणजे कुणासाठी तरी असणारच! तिने आपल्या घरात हाक मारली, "अवो, या बाहीर! तुमच्यासाठी जागा ठेवली हाये!"

झालं. भासरे बाहेर आले. थोरल्या दिरासमोर आम्ही उघड्या डोक्याने उभ्या राहत नाही. मी घाईने पदर ओढला आणि वळून पार भिंतीच्या बाजूला सरकले. पदर डोक्यावर बसायचा तो घसरून मोबाईलवरच पडला.

"काहून वो, मोबाईलले लाज वाटून राहिली का?" असं म्हणून बाई माझ्याकडे वळून जी हसली! एका हाताने पदर बाजूला सारून मी बटण दाबलं.

आता ऊन माझ्या तोंडावर होतं. बाई बरोबर मध्ये, मागे पोती, कोंबड्या, जांबाचं म्हणजे पेरूचं झाड, दोरीवरचं धुणं, आणि कडेला भासऱ्यांचा अर्धा हात. पण दात? सगळे! वाकडा तोसुद्धा.

बाईने मोबाईल जवळ धरला, मग लांब धरला.

"दुसरा काढू का, बाई?"

"नोको. ह्याच वाकड्या दातानं पोरीले लहानपनी जांब फोडून देत होतो मी. वळखन ते. हाच धाड."

मी तिथल्या तिथे पाठवून दिला. मागून भासऱ्यांनी मान लांब करून पाहिलं. "माहा आर्धाच हात काहून आला?"

"तुमाले कोनते दात काढाचे हायेत?" बाई म्हणाली, आणि आत चहा ठेवायला गेली.