नानांचं टेकाड, वरून

ड्रोनच्या कार्डात फोटो साठतात, तसे आमच्या टीमचे किस्सेही साठत जातात. फोटो निदान डिलीट तरी करता येतात!

टीम म्हणजे तिघं: पुरातत्त्वाचे आमचे सर, ड्रोन उडवणारा संदेश आणि मी. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन मी धसईजवळच्या या गावात आले आणि सरांना नेमका माझ्याच सासरच्या टेकाडावर संशय आला. वर प्राचीन वस्ती असावी, भोवती तटबंदी. टेकाड माझ्या चुलतसासऱ्यांचं, नानांचं. ते बंगल्यांसाठी विकायला निघालेले. म्हणाले, "तट दाखवा. नायतर महिनाअखेरीला जेसीबी येतोय."

*

पहिल्या दिवशी ड्रोन वर गेला आणि पातेरा, म्हणजे सुका पाला, गोळा करणाऱ्या बायका घरी पळाल्या. आम्हाला वाटलं, घाबरल्या. अर्ध्या तासात सगळ्या जरीच्या साड्या नेसून हजर! इथे ड्रोन येतो तो लग्नातच.

"तुझं तं झालंय ना गो लगीन? मग आता कसली शूटिंग?"

त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत मोजपट्टीशेजारी पाच जरीच्या साड्या उभ्या आहेत. हसऱ्या.

*

पुढच्या आठवड्यात टेकाडाच्या पायथ्याशी काळे चौकोन दिसले. ओळीने! सर खुर्चीतून उठलेच. "जळालेली घरं! वस्तीला आग लागली असणार!"

चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. "आग मीच लावली. भाताच्या रोपांसाठी राब भाजला काल."

मग एका चौकोनावर बोट ठेवलं. "ह्यो कोपरा कच्चा राहिला वाटतं. बरं झालं दाखवलात."

*

संदेशला चारची शेवटची एसटी धरायची असे, म्हणून आम्ही भर दुपारीच उडवायचो. सावल्या पायाखाली, जमिनीतला उंचवटा दिसणार कसा! मला मात्र रोज अंगणातून दिसायचं, ऊन कललं की टेकाडाच्या कडेला बारीक सावली पडते. शेवटी धीर करून बोलले.

"माहीत आहे गं," सर म्हणाले, "पण एसटी?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "जाऊं द्या एसटीला. भाकऱ्या जास्तच थापल्यात."

*

त्या संध्याकाळी फोटोत सावलीची रेघ उमटली. टेकाडाला पुरता वेढा, एका बाजूला दाराएवढी फट. नाना बराच वेळ मोबाइल डोळ्यांशी धरून होते.

"हितून आत जात असतील," एवढंच बोलले.

सकाळी बंगलेवाला टेप घेऊन आला. "नाना, आधी कंपाऊंड घालून घेऊ."

नाना ओटीवरून उठलेसुद्धा नाहीत.

"कंपाऊंड हाय. ज्यानी घातलं, त्याला विचारून या."