आहेराच्या वहीतलं दुसरं नाव

तारीख २४ मे १९९८, रविवार. गाव कुरुंदा. रक्कम पाचशे एक रुपये. त्यात अडीचशे माझे, अडीचशे कलाचे. वरचा एक रुपया कोणाचा ते आम्ही ठरवलं नव्हतं. हजर माणसं अशी: माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, आई, आहेर लिहायला बसलेले दादाच्या शाळेतले एक मास्तर, त्यांच्या शेजारी माईकवाला, कला आणि मी. मांडवात चारशेच्या आसपास पाहुणे. मोजले नव्हते, पत्रावळींवरून सांगते.

लग्न दादाच्या थोरल्या लेकीचं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, जेवणं सुरू झाली. आमच्याकडे आहेर टेबलावर द्यायचा. मास्तर वहीत नाव आणि रक्कम लिहिणार, माईकवाला नाव पुकारणार. पुढे त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की वही उघडायची आणि थोडी भर घालून आहेर परत करायचा. ज्याचं नाव वहीत, ते घर.

कला पाकीट घेऊन टेबलापाशी गेली. मी पाच पावलांवर आईला पाण्याचा तांब्या देत होते. सगळं ऐकू येत होतं.

"कोणाच्या नावानं लिहू?" मास्तरांनी विचारलं.

"दोघींच्या. ह्या नर्सबाई अन् मी. एकच घर हाय आमचं."

मास्तरांनी पेन थांबवलं. "जोडीनं आहेर नवरा-बायकोचा ऱ्हातो, बाई. तुमच्यात नवरा कोण?"

टेबल हसलं. माईक चालू होता. माईकवाल्याला एवढं पुरे झालं. "ऐका पावनं! दोन बायांचा जोडीनं आहेर आलाय! नवरा कोण ते इचारून सांगतो!"

मांडव हसला. चारशे माणसं.

कला हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी पुढे येईन, असं तिला वाटलं असणार.

माझ्याआधी दादा आला. साडेसहा वर्षं कला माझ्याबरोबर त्याच्या घरी येत होती. वहिनीच्या अंगातला ब्लाऊज त्या दिवशीही कलानंच शिवलेला. तरी दादानं मला विचारलं, मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं.

"सांग लोकायला. कोण हाय ही तुझी?"

"भाडेकरू हाय," मी म्हणाले.

मास्तरांनी पाचशे एक माझ्या एकटीच्या नावावर लिहिले. कलाचं नाव वहीत आलं नाही.

मी सरकारी उपकेंद्रात नर्स होते, आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत होतो. मी अडतीस वर्षांची, बिनलग्नाची. कर्ज काढून पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. कला म्हणजे चंद्रकला. शिवणकाम करायची. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं सोडलेली. १९९१ साली मशीनची सुई नखातून आरपार गेली, तेव्हा ती माझ्याकडे आली. तीनदा पट्टी बदलायला आली. चौथ्यांदा आली तेव्हा बोट बरं झालेलं होतं. त्या दिवाळीपासून आम्ही एका घरात होतो. एका अंथरुणात झोपत होतो. ज्याला लोक संसार म्हणतात, तोच करत होतो. त्याला दुसरं नाव मला माहीत नव्हतं आणि आजही दुसरं नाव नको.

परतीच्या एसटीत कंडक्टर आला. मी नेहमीसारखं दोन म्हणणार, तेवढ्यात कला म्हणाली, "एक बाळापूर." आणि स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून सुटे काढले. मग मीही म्हणाले, "एक."

आठ दिवसांनी दादा माझ्या घरी आला. कला मशीनवर होती. तिच्या देखत विचारलं, "भाडं किती घेतीस?"

मी म्हणाले, "तीनशे."

"पावती दे. वही ठेव. लोक इचारून राहिलेत. उद्या कुणी तुझ्या हाफिसात अर्ज दिला तर नोकरी जाईल. अन् आईला भेटायला माझ्याच दारात यायचंय तुला, ध्यानात ठेव."

हा माझा दादा मुख्याध्यापक. दर चौदा एप्रिलला समतेवर भाषण करायचा. चांगलं करायचा. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेल्या आहेत.

आता माझी खरी चूक सांगते. दुसऱ्या कोणी नुसत्या खोट्या पावत्या फाडल्या असत्या. मला ते जमलं नाही. मी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही. लस दिली नाही तर दिली असं लिहिलं नाही, वरून कितीही दाब आला तरी. पैसे न घेता पावतीवर सही करायला माझा हात चालेना. म्हणून १ जून १९९८ पासून मी कलाकडून खरेच तीनशे रुपये घ्यायला लागले.

"देखाव्याचं हाय तर खरे पैसे काहून?" तिनं विचारलं.

"खोटी पावती मी लिहीत न्हाई."

"आन् खोटं बोलतीस ते?"

मी पावती लिहिली.

तेव्हा ब्लाऊजची शिलाई बारा रुपये होती. तीनशे म्हणजे पंचवीस ब्लाऊज. दर महिन्याला पंचवीस ब्लाऊज ती माझ्या खोटेपणासाठी शिवत होती. ते पैसे मी तेल, डाळ, साखर यांतच घालत होते. तिचेच पैसे तिच्याच ताटात. पण वहीत भाडं.

तिनं ते पैसे कधी माझ्या हातात दिले नाहीत. मशीनच्या फळीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. मला आई आठवायची. हळद खुरपायला आई ज्यांच्या शेतात जायची, त्या घरची मालकीण मजुरी वरून सोडायची, हाताला हात लागू नये म्हणून. आई दोन्ही तळहात जोडून धरायची. एक नाणं पडलं की वाकायची. मी सहा-सात वर्षांची असेन. तेव्हाच मनात म्हटलं होतं, मोठी झाले की अशी मजुरी घेणार नाही. अशी मजुरी मी घेतली नाही, हे खरं आहे. पण ज्या बाईनं माझ्याबरोबर संसार केला तिला मी परकी केलं, आणि तेही पावती देऊन. हात लागू न देण्याची माझी रीत जरा शिकलेली होती, एवढाच फरक.

दर एप्रिलला मला घरोघर फिरून पात्र जोडप्यांचं रजिस्टर भरावं लागे. बायकोचं वय पंधरा ते पंचेचाळीस असेल तर ते पात्र जोडपं. पतीचं नाव, पत्नीचं नाव, किती मुलं, कुटुंबनियोजनाचं कोणतं साधन. गावात दोनशे साठच्या वर घरं. दारू पिऊन बायकोचं डोकं फोडणारे त्यात होते, दुसरी घरात आणून पहिलीला गोठ्यात झोपवणारे होते. सगळी पात्र जोडपी. माझ्या हातानं लिहिलेली. घर क्रमांक ११४ आला की मी लिहायची: निरंक. ते माझं घर.

आई ऑक्टोबर २००२ मध्ये गेली. मला वाटलं होतं, मी आईसाठी गप्प आहे. पण आई गेल्यावरही मी चौदा महिने भाडं घेतलं. चौदा. म्हणजे कारण आई नव्हती. मला 'भाडेकरू' हा शब्द सोयीचा झाला होता. त्याच्या आडोशाला मी बिनलग्नाची, सचोटीची, मान असलेली नर्सबाई होते. किंमत कला भरत होती. हे लिहिताना मला लाज वाटते. वाटलीच पाहिजे.

१ डिसेंबर २००३. दादाच्या लेकाची लग्नपत्रिका आदल्या दिवशी आली होती. नाव माझं एकटीचं. खाली दादाच्या अक्षरात: 'एकटीच ये.' कलानं वाचली होती. तिनं सदुसष्टावं भाडं फळीवर ठेवलं आणि या वेळी पाठ फिरवली नाही.

"एक इचारायचं हाय."

"इचार."

"घर खाली करायला सांगायचं झालं, तर महिनाभर आधी सांगशील न? भाडेकरूला तेवढा हक्क ऱ्हातो म्हणतेत."

रागानं नाही. बाजारभाव विचारावा तसं.

मी म्हणाले, "येडी झालीस का? मी तुला काढून देईन?"

"मला काय म्हाईत. बारा वर्सं झाली. मी तुझी कोण, त्याचा एक तरी कागद हाय का?" तिनं मशीनचा खण ओढला. आत माझ्या सगळ्या पावत्या. एकीवर एक, दोऱ्यानं बांधलेल्या. "हे सहासष्ट हायेत, आजचा धरून सदुसष्ट. तुझं अन् माझं नाव एका कागदावर फक्त हितंच हाय. म्हणून ठिवले."

मी खाली बसले. त्या पावत्या तिनं जपल्या होत्या. माझ्या भित्रेपणाचे कागद तिनं आमच्या नात्याचा पुरावा म्हणून जपले होते, कारण दुसरा पुरावा मी होऊ दिला नव्हता.

"लग्नाला दोघी जाऊ," मी म्हणाले.

"मला पुन्यांदा हसू करून घ्यायचं न्हाई."

"ह्या टायमाला मी बोलते. तू नुसती हुभी ऱ्हा."

"बघू," ती म्हणाली. आली.

२८ डिसेंबर २००३, रविवार. तेच कुरुंदा, तेच मास्तर, टेबलावर नवी वही. आमच्या पाकिटात पाचशे एक. मास्तरांनी कलाला बघितलं आणि पेन हळूच खाली ठेवलं.

मी म्हणाले, "आधी जुनी वही मागवा. अठ्ठ्याण्णव सालची, चोवीस मे. माझ्या नावावर पाचशे एक हायेत. त्यातले अडीचशे माझे न्हाईत. नोंद चुकलीय."

दादा धावत आला. "लग्नात हिशोब काढून राहिली का तू?"

"लग्नातलाच हाय."

"माईक बंद कर रे," दादा माईकवाल्याला म्हणाला.

"चालू ऱ्हाऊ द्या. तवाबी चालूच व्हता."

दादा दात ओठ खात म्हणाला, "तूच म्हणली व्हतीस भाडेकरू. मी न्हाई म्हणलो."

"व्हय, मीच म्हणले. खोटं बोलले. चारशे लोकायसमोर बोलले, म्हणून लोकायसमोरच सांगते. ही चंद्रकला माझ्या घरची हाय. तुझी बायको तुझ्या घरची हाय तशी. मास्तर, लिहा दोन नावं."

मागच्या रांगेतून कोणी तरी शिट्टी मारली. माणसं हसली. पण मी टेबल सोडलं नाही.

"वहीत असं लिहायची रीत न्हाई," दादा म्हणाला.

"मग आहेरबी न्हाई." मी पाकीट उचललं.

"ह्या घरची वाट बंद झाली तुला."

"बराबर. तेवढं तरी वहीत लिहा. दोघींच्या नावानं."

जेवलो नाही. एसटीत मी कंडक्टरला म्हणाले, "दोन बाळापूर." कलानं माझा हात बाजूला केला आणि स्वतःचे पैसे पुढे केले.

"खरं बोलायला साडेपाच वर्सं लागली तुला," ती म्हणाली. "तिकिटाची घाई नको करू."

घरी गेल्यावर मी बेरीज मांडली. सदुसष्ट महिने, तीनशेप्रमाणे वीस हजार शंभर. दुसऱ्या दिवशी बँकेतून काढून आणते म्हणाले. ती नको म्हणाली.

"जसे घेतलेस तसे दे. महिन्याला तीनशे. पयल्या तारखेला. मीबी पावती देते. तुलाबी कळू दे पयली तारीख कशी येती ते."

तिला लिहिणं फारसं येत नव्हतं. पहिली पावती लिहायला तिला अर्धा तास लागला.

१ जुलै २००९ ला शेवटचा हप्ता दिला. तिसऱ्या दिवशी पेपरात दिल्लीच्या कोर्टाची बातमी आली. मी तिला वाचून दाखवली. आपल्यासारख्या माणसांचं असणं आता गुन्हा नाही, असा त्या बातमीचा अर्थ.

"म्हंजे आजपस्तोर आपून गुन्हेगार व्हतो?"

"तसंच म्हण."

"मंग भाडेकरूच बरं व्हतं की." तिला हसू आलं. मग थांबून म्हणाली, "लग्नाचं काय लिवलंय?"

मी खालपर्यंत वाचलं. "काई न्हाई."

"फुडं वाच."

"फुडं खेळाचं पान हाय."

गुन्हा नाही, एवढ्यावर मी समाधान मानणार नाही. मी आयुष्यभर इतरांची जोडपी सरकारात नोंदवली. माझं घर कोरं का, हे मी आता विचारणार. सरकारी रजिस्टरात मी खोटं लिहिलं नाही आणि लिहिणार नाही. पण खरं लिहिता येईल असा रकाना मला पाहिजे. दोन बायांना लग्न लावता आलं पाहिजे, कागदावर, सहीशिक्क्यानं. त्यासाठी जिथे अर्ज द्यावा लागेल तिथे देईन, माझ्या खऱ्या नावानं. तोवर कोणत्याही लग्नात, ज्या वहीत आमची दोन नावं एका ओळीत लिहिली जाणार नाहीत, त्या टेबलावर माझा एक रुपया पडणार नाही. पाचशे एकचं ते पाकीट पेटीत तसंच आहे. ते आमच्या मांडवाला लागेल, मग आम्ही साठीच्या असू नाहीतर सत्तरीच्या.

दादाकडे अजून कलाचे अडीचशे रुपये माझ्या नावावर आहेत. ती नोंद दुरुस्त झालेली नाही. ते मी सोडलेले नाहीत.

तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. तो प्रश्न विचारायचा हक्क मला नाही.

भाडं घेतलं: वीस हजार शंभर. परत दिलं: वीस हजार शंभर, चंद्रकलाला, सदुसष्ट वेळा, तिच्या हातात हात लावून. व्याज तिनं मागितलं नाही. ते माझ्याकडे बाकी आहे.