तीन म्हातारे, एकच पत्ता

सगळे जिला दुआन म्हणत, त्या लामदुआनच्या दुकानाला पाटी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. परदेशी लोकांच्या व्हिसाची कचेरी रस्त्याच्या पलीकडे होती, आणि तिथून अर्धेअधिक लोक काहीतरी कागद कमी पडला म्हणून तिच्याकडेच परत पाठवले जात. एक झेरॉक्सचं मशीन, फोटोसाठी मागे टांगलेला निळा पडदा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि अर्ज भरून द्यायला ती स्वतः. नवरा बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा. तो वारल्यावर तिनं मासळी सुकवायचं काम सोडलं आणि हे सुरू केलं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. इंग्रजी ती अर्ज वाचून वाचूनच शिकली. त्यामुळे ‘आगमनाची तारीख’ आणि ‘कायमचा पत्ता’ ती झोपेतही म्हणू शके, पण समोरच्याला भूक लागलीय का, एवढं विचारताना अडखळायची.

तिची गिऱ्हाइकं म्हणजे दोन-चार आठवड्यांसाठी फिरायला आलेले आणि मग परत जावंसं न वाटलेले म्हातारे. त्यांना ती बोटांवर मोजून सांगायची. टूरिस्ट म्हणून आलात तरी इथं बसूनच निवृत्तीचा व्हिसा होतो. मात्र मुक्कामाचे निदान पंधरा दिवस शिल्लक हवेत, पन्नाशी उलटलेली हवी, आठ लाख थाई बाट इथल्या बँकेत हवेत, आणि घरमालकानं तुमच्या राहण्याची नोंद केलेली हवी. आधी नव्वद दिवस मिळतात, मग वर्षाचा व्हिसा. त्यानंतर दर नव्वद दिवसांनी हजेरी. शिवाय राहत्या घराचा हातानं काढलेला नकाशा लागे. म्हाताऱ्यांचे हात थरथरत, म्हणून तो बहुतेकदा दुआनच काढून देई.

फेब्रुवारीत थीरा नावाचा एजंट तौनोला घेऊन आला. थीरा चाळिशीचा, कायम कडक इस्त्रीच्या शर्टात, बोलायला लोण्यासारखा. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो दुआनला ‘पी दुआन’ म्हणे. तौनो फिनलंडचा, एकाहत्तर वर्षांचा, जन्मभर ट्राम चालवलेला. बायको वारल्यावर एक हिवाळा उन्हात काढायला म्हणून आला होता. त्याच्या मुक्कामाचे अठरा दिवस उरले होते.

दुआन तौनोला विचारी आणि उत्तर थीरा देई. जन्मतारीख थीरानं सांगितली. फोन नंबर थीराचा लिहिला गेला. अडीअडचणीला कळवायचं कुणाला, तिथंही थीराच. तौनो नुसता हसत होता. आपली कुणी इतकी काळजी घेतंय याचंच त्याला अप्रूप वाटत असावं.

मग नकाशा. थीरा सांगू लागला आणि दुआन रेघा ओढू लागली. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे, रबराची बाग, पाण्याची उंच टाकी. टाकीनंतरचं वळण तिनं काढलं, त्यापुढे कालवा काढला, कालव्याच्या कडेला भूमीदेवतेचं छोटं घर काढलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की थीरा टाकीपाशीच थांबलाय. पुढचं तो बोललाच नव्हता.

दोघंही त्या कागदाकडे बघत राहिले.

“स्मरणशक्ती चांगली आहे तुमची, पी दुआन,” थीरा म्हणाला.

“हाताला सवय,” ती म्हणाली.

हे घर तिनं याआधी दोनदा काढलं होतं. दीड वर्षापूर्वी गॉर्डन नावाच्या इंग्रजासाठी, आणि आठ महिन्यांपूर्वी लुसियन नावाच्या बेल्जियनसाठी. दोघांनाही थीरानंच आणलं होतं. गॉर्डन हजेरीसाठी दोनदा दिसला, नंतर दिसला नाही. लुसियन एकदाही आला नाही. तिनं अगदी सहज विचारावं तसं विचारलं, ते दोघे कुठं असतात आता? थीरा म्हणाला, गेले परत, म्हातारपणी घराची ओढ लागते. पण लुसियननं याच खुर्चीत बसून तिला सांगितलं होतं की मागं माझं कुणीच नाही, म्हणून तर इथं मरायला आलोय. ते सांगताना तो हसला होता आणि तीही हसली होती.

थीरा गाडी सावलीत लावायला गेला, तेव्हा तौनोनं खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढला. पासपोर्ट सांभाळायला दिल्याची ही पावतीच ना, असं त्यानं विचारलं. कागद थाई भाषेत होता. दुआननं वाचला. ते मुखत्यारपत्र होतं. बँकेतले पैसे काढण्याचे, घर सोडण्याचे, दवाखान्यात सही करण्याचे सगळे अधिकार थीराला. तिनं तोंड उघडलं, पण हवे ते इंग्रजी शब्द तिच्यापाशी नव्हते. “पावती नाही,” एवढंच ती म्हणाली. “लुंग, ही पावती नाही.”

तौनोला ‘लुंग’ म्हणजे काका, हे ठाऊक होतं. त्यामुळे तो खूश होऊन हसला. पुढचं त्याला कळलं की नाही, ते कळायच्या आत थीरा दारात उभा होता. त्याच्या हातात चिकट भाताच्या गोडाची पुडी होती. ती त्यानं मशीनवर ठेवली, तौनोच्या हातून तो कागद काढून घेतला आणि घडीवर घडी घालत विचारलं, “घरी अजून एकट्याच असता ना, पी दुआन? त्या खाडीकडच्या घरात?”

तिनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कोणत्या घरात राहते हे तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे तिनं काहीच केलं नाही. तौनोला नव्वद दिवस मिळाले. शिक्का मारलेल्या पानाची कॉपी तिनंच काढली. मशीनचा उजेड त्या पानाखालून सरकत गेला. त्या दिवशी जाताना तौनो म्हणाला होता, येत्या गुरुवारी माझ्या देशाची कॉफी घेऊन येतो, तुम्ही पिता ती कॉफी नव्हेच. गुरुवार गेला. पुढचाही गेला. थीरा दुसऱ्या कुणाच्या कामाला आला, तेव्हा तिनं विचारलं. तो म्हणाला, लुंगची तब्येत नरम आहे, झोपून असतात. आणि निघताना दुकानाच्या कुलपाला बोट लावून म्हणाला की हे जुनं झालंय, बदलून घ्या.

रविवारी भर दुपारी तिनं स्कूटर काढली. नकाशा बरोबर घ्यायची गरज नव्हती. बाग, टाकी, वळण, कालवा. कालव्याचं पाणी हिरवं आणि एकाच जागी थांबलेलं. घराच्या फाटकाला बाहेरून नवं कुलूप. शेजारी एक बाई रबराचे चादरीसारखे तुकडे वाळत घालत होती. दुआननं पाणी मागितलं आणि बोलता बोलता घराचं विचारलं.

“म्हाताऱ्यांचं आहे,” बाई म्हणाली. “दिवसभर झोपतात बिचारे.”

“किती जण?”

“आधी दोघे होते. मधे एकाचेच कपडे वाळत दिसायचे. आता परत दोघांचे दिसतात.”

तिसरा कुठं गेला, हे बाईनं कधी विचारलं नव्हतं. लोकांच्या घरात आपण कशाला डोकवायचं, असं ती म्हणाली आणि रबराकडे वळली.

दुआन कुंपणाच्या कडेनं मागच्या बाजूला गेली. खिडकीला गज होते आणि गजांमागे तौनो बसला होता. दुकानात आला होता तेव्हाचीच निळी कॉलर, पण मान आत बुडाल्यासारखी. तिनं हलक्या आवाजात “लुंग” म्हणून हाक मारली. त्यानं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. भिंतीकडे बघावं तसं.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी ती पायरीवर जाऊन बसली. रत्तिया नावाची अधिकारी बाई तिच्या ओळखीची होती. दुआननं थीराचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, दोन परदेशी माणसांच्या हजेऱ्या चुकल्यात, दोघांचा पत्ता एकच, आणि आता तिसऱ्याचाही तोच आहे. नियमाप्रमाणे पत्त्यावर जाऊन बघायचा अधिकार तुम्हाला आहे.

रत्तियानं नोंदी काढल्या आणि खुर्ची मागं सरकवली. “पत्ता एक आहे हे तुला कसं माहीत?”

“तिन्ही नकाशे मी काढलेत.”

“हे लिहून देशील? सहीनिशी? उद्या कोर्टात तुझंच अक्षर दाखवतील, दुआन. या अर्जांना मदत कुणी केली म्हणून.”

“माहीत आहे,” दुआन म्हणाली, आणि तिनं पेन मागितलं.

दुपारी पोलीस गेले. लुसियन चटईवर सापडला, लहान मुलासारखा हलका झालेला, पाठीला जखमा. भाताच्या पेजेत झोपेच्या गोळ्या कुटून घातल्या जात होत्या. दोघांची पेन्शन दर महिन्याला खात्यात येत होती आणि मुखत्यारपत्रावर निघत होती. गॉर्डनचीही येत होती, अगदी मागच्या महिन्यापर्यंत. त्याचा पासपोर्ट कपाटात होता. त्याचा चष्माही होता. माणूस नव्हता. दोन दिवस कालवा गळ टाकून शोधला, मागची जमीन उकरली, काही मिळालं नाही. थीरा रविवारी संध्याकाळपासूनच नाहीसा झाला होता. कुणीतरी त्याला स्कूटरवरच्या बाईबद्दल कळवलं असणार, असं पोलीस म्हणाले. त्यांनी हे दुआनला तोंडावर सांगितलं आणि कडी नीट लावत जा म्हणाले.

तौनो चौथ्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर आला. त्यानं आधी दिवस विचारला, मग महिना. त्याच्या व्हिसाचे अजून दोन महिने शिल्लक होते. वर्षाचा अर्ज भरायचा का, असं दुआननं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. बँकेत जे उरलं होतं त्यात त्याचं परतीचं तिकीट झालं. जाताना त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. दोघांकडेही शब्द कमीच होते. लुसियनला देवळाच्या आश्रयघरात ठेवलं. कधी चांगला दिवस असला तर तो दुआनला ओळखतो.

थीरा अजून सापडलेला नाही. दुआनला दोनदा जबाबाला बोलावलं. एकदा साक्षीदार म्हणून आणि एकदा संशयित म्हणून, निराळ्या खुर्चीत बसवून. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडावर दुकानातला फोन वाजला. गॉर्डनची बहीण बोलत होती, इंग्लंडहून. पोलिसांनी हा नंबर दिला होता. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. माझ्या भावाला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? दुआननं तारीख सांगितली. तारखा तिला नीट सांगता येत. तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं, असं तिकडून विचारलं. दुआननं डोळे मिटले. पट्ट्यांचा शर्ट, ती म्हणाली. वरचं बटण तुटलेलं. पाणी मागितलं, मी दिलं. मग तो गाडीत बसला.

“तो काही म्हणाला का?”

म्हणाला होता. थीरा दार धरून उभा असताना गॉर्डननं वळून तिला काहीतरी विचारलं होतं, एक लांबलचक वाक्य. ते तिला कळलं नव्हतं, म्हणून तिनं नुसतं हसून मान डोलावली होती.

हे सगळं तुटक इंग्रजीत सांगायला तिला बराच वेळ लागला. गॉर्डनच्या बहिणीनं ते शेवटपर्यंत ऐकलं, फोन ठेवला नाही.