मौनीला मंजुरी

आमच्या रविवारच्या खेळात ज्यांना सगळे तपासनीस म्हणतात, ते आठवडाभरही तपासनीसच असतात. लिफ्टचे. शहरभरच्या इमारतींत जाऊन दोर, ब्रेक, दारं तपासायची आणि पास की नापास ते सांगायचं. स्वतः मात्र जिन्याने चढतात. कारण विचारलं की म्हणतात, "मला माहितीये ना, आत काय काय असतं ते." एकटा जीव. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि चेहऱ्यावर एकच भाव, तोही नापासाचा.

रविवारी दुपारी चारला आम्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमतो आणि फासे टाकत गोष्ट खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, आणि पात्राचा एक क्लास: कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, मी चोर. राक्षस, वादळ, खाणावळीचा मालक, बाकी सगळं जग तपासनीस चालवतात, कारण ते गेम मास्टर. नियमांच्या जाड पुस्तकात शेवटी काही ऐच्छिक क्लास दिलेत, आणि वर लिहिलंय की ते घ्यायचे तर गेम मास्टरची परवानगी लागेल. नऊ वर्षांत त्या पानांवरचं एकही पात्र यांनी पास केलेलं नाही. आमच्यातली दातांची डॉक्टरीण सहा वेळा नापास झालीये. तिला आता त्याचं काही वाटत नाही.

माझा दादा खेळात गवई होता, म्हणजे गाऊन जादू करणारा. नियमाप्रमाणे 'मी गातो' एवढं म्हटलं तरी चालतं, पण दादा खरंच गायचा, आणि इतका बेसूर, की राक्षस मेला तो फाशांमुळे की गाण्यामुळे यावर वाद व्हायचा. एरवी तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर "क्लच! अहो क्लच, तो ब्रेक आहे!" असा आरडाओरडा. मग त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला.

त्यानंतर पाच महिने दादाला कुणी 'नाही' म्हटलं नाही. वहिनी तर त्याचं लिहून व्हायच्या आधीच हो म्हणायची. मी त्याच्यासोबत टीव्हीवरचे भिकार कार्यक्रम आवडीने बघायचे. डॉक्टरीण भेटायला आली की मोठमोठ्याने बोलायची. अगं, गळा गेलाय, कान नाही! पण तिला सांगणार कोण? दादा पांढऱ्या पाटीवर 'ठीक' असं लिहायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि आम्ही सगळे त्याच्याशी गोड वागत होतो.

एका शनिवारी त्याने माझ्या हातात कागद ठेवला. पुस्तकातल्या शेवटच्या पानांवरचा क्लास: मौनी. हा बोलत नाही, पण याने हात वर केला की आसपासच्या सगळ्यांची वाचा बसते. खाली दादाने स्वतःची भर घातली होती: तेवढा वेळ टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी खरोखर गप्प बसायचं, तपासनिसांनीही.

मला रडूच फुटलं. उद्या मंजूर करून आणते, म्हटलं.

तपासनिसांनी कागद दोनदा वाचला, पेन्सिल काढली आणि लिहिलं, 'नापास'. खाली कारणं, आकडे घालून. किती वेळ गप्प बसायचं, दिलेलं नाही. किती वेळा, दिलेलं नाही. मी गप्प बसलो तर खेळ कोण चालवणार, दिलेलं नाही.

"अहो, काळीज आहे का तुम्हाला?" मी म्हणाले. "पाच महिन्यांनी काहीतरी मागितलंय त्याने."

"म्हणून तर नीट वाचलं. नेऊन दे त्याला."

रस्ताभर मी त्यांचा उद्धार करत आले. कागद बघून वहिनीने मला दारातच अडवलं. "यांना दाखवू नका," म्हणाली. पण दादाने तो माझ्या हातातून ओढून घेतला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. पाटी पुरणार नव्हती, म्हणून त्याने वही घेतली, चार पानं भरली आणि मधेच टेबलावर अशी मूठ आपटली की कपबशी उडाली. वहिनी घाबरली. मला मात्र हायसं वाटलं. हा आमचा दादा होता, चिडका, हट्टी. त्या दिवशी त्याने भाजी मागून घेतली.

पुढचे तीन आठवडे मी दोघांची पोस्टमन. पाच मिनिटं, मान्य. एका बैठकीत एकदाच, तेही मान्य. गाडी अडली ती तिसऱ्या कारणापाशी.

'खेळ कोण चालवणार?'

'मी.'

'कसा चालवणार ते लेखी दे.'

'लेखीच देतोय, मूर्खा! दुसरं काय देणार?'

हे वाचून तपासनीस हसले. नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचे दात बघितले. चौथ्या रविवारी त्यांनी लिहिलं, 'पास'.

"हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं," मी म्हणाले.

"आलं असतं. मग तो एकदा आला असता, आपण टाळ्या वाजवल्या असत्या. परत नसता आला." त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मलाही तीन आठवडे झोप नव्हती, बाई."

माझा सगळा राग गळून गेला.

त्याच दुपारी दादा आला. गळ्याला रुमाल, सोबत वहिनी. आम्ही गुहेत शिरलो होतो, तपासनीस राक्षसाचं वर्णन रंगवत होते, आणि दादाने हात वर केला. तपासनीस अर्ध्या शब्दावर थांबले. सगळे दादाकडे बघायला लागलो. त्याने माझ्याकडे बोट केलं: टाक फासे. टाकले. तळवा हलकेच खाली: सावकाश. डॉक्टरीण भलतीकडेच निघाली, तर टेबलावर थाड! ब्रेक! राक्षसही तोच झाला, गाल फुगवून, डोळे वटारून. हसू दाबता दाबता आमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तपासनिसांनी तर तोंडावर हात धरला होता. पाच मिनिटं आम्ही सगळे मुके होतो, आणि त्यातला हुशार एकटा दादा होता.

घड्याळ वाजलं.

"फार होतंय हे," तपासनीस म्हणाले. "पुढच्या वेळी तीन मिनिटं."

दादाने रागाने वही पुढे ओढली.

"झालं," वहिनी म्हणाली, "आता तासभर हेच चालणार." आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने खुर्चीला निवांत पाठ टेकली.